स्कॅन-४

४ मार्च, सोमवार

फाइल चढली. तिचं नाव मी 'मांजर' ठेवलं होतं. नावाच्या मधोमध चित्राची 'जेपीजी' ही खूण होती, शेवटी प्रोग्रामची, आणि आत चित्राचा एक ठिपकासुद्धा नव्हता. आमची तपासणी नावात कुठेही चित्राची खूण सापडली की खूश होते. तिने मान डोलावली आणि मांजराला आत घेतलं. मग मी त्या फाइलचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला. सर्व्हरने मुकाट्याने ती चालवली. पडद्यावर अक्षरं आली: मी आत आहे.

साहेबांना बोलावून दाखवलं. आमच्या मालकांना पाठीमागे सगळे बघूसाहेब म्हणतात. काहीही सांगितलं की ते 'बघू' म्हणतात आणि मग कोणीच काही बघत नाही. माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते पडद्याकडे पाहत राहिले. मी समजावलं. हे मोठ्या हॉस्पिटलचं पोर्टल. लांबलांबचे रुग्ण आपले रिपोर्ट, छातीच्या एक्स-रे फिल्म ह्यावर अपलोड करतात आणि तिथलं तज्ज्ञांचं मंडळ ते पाहून मत कळवतं. आज मी मांजर सोडलं. उद्या कोणी दुसरं काही सोडेल आणि सगळ्यांचे रिपोर्ट घेऊन जाईल.

ते म्हणाले, "पण असं कोण करणार? आजारी माणसं असतात हो ती."

ह्यावर काय बोलायचं? पण मी बोलले, आणि आवाज चढवून बोलले. फाइल स्वतःबद्दल जे सांगते त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. तिच्या आत काय आहे ते उघडून पाहायचं. तिचं नाव पुसून आपलं द्यायचं. वेबवरून कोणाचाही हात पोचेल अशा फोल्डरमध्ये ती ठेवायची नाही. आणि एकाच नावाच्या दोन फायली आल्या तर आज दुसरी पहिलीच्या उरावर बसते आणि पहिली नाहीशी होते, तेही जरा बघा.

शेवटचं त्यांनी ऐकलंच नाही. ते नावापाशीच अडले. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या बाईंना मूळ नाव लागतं. रुग्ण फोन करतो, 'आईची छाती' पोचली का, आणि बाई त्या नावाने शोधतात. करारात तसं लिहिलंय. नाव बदलायचं नाही. बाकीचं बघू.

शेजारच्या टेबलावर मुका बसला होता. मुका हे नाव मी ठेवलेलं. सर्व्हर तो सांभाळतो. दिवसभरात त्याच्या तोंडून एखादं पूर्ण वाक्य पडलं तर ऑफिसात त्याची चर्चा होते. साहेब केबिनमध्ये गेले तसा तो उठला आणि त्यांच्या मागोमाग आत गेला. बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. हसून हसून झाले असणार. कोणाला हसत होते ते सांगायला नको.


६ मार्च, बुधवार

दुरुस्तीला परवानगी मिळाली. ती अशी: ज्या नावांचा शेवट धोक्याचा, त्यांची एक यादी करायची आणि तेवढ्या फायली परत पाठवायच्या. म्हणजे दारावर पाटी लावायची की चोरांनी आत येऊ नये. मी यादी कोडमध्ये घातली. मग नावाचा शेवट मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून तेच मांजर पुन्हा आत सोडलं. टेबलावरचा चहा अजून गरम होता. साहेबांना सांगितलं. बघू.

त्यात डिस्क भरत चाललीय. रुग्ण काही अचानक दुप्पट झालेले नाहीत, पण जागा दुपटीने जातेय. शोधलं तर एक फोल्डर सापडला. त्याला नाव नाही, नुसता आकडा. मला आत जाता येत नाही. मालकी मुक्याची. त्याला विचारलं, काय साठवतोयस इथे? डिस्क भरतेय. तो म्हणाला, "हो, भरतेय."

हे काय उत्तर झालं? सिनेमे असणार. लोकांच्या फुप्फुसांशेजारी हा माणूस सिनेमे साठवतोय आणि साहेबांचा लाडका असल्यामुळे त्याला कोणी विचारत नाही. आजही केबिनमध्ये जाऊन आला.


१० मार्च, रविवार

दादाकडे गेले होते. खाली त्याचा लेथखाना, वर घर. मी जिना चढायच्या आधीच त्याने वरून आवाज दिला, "आल्या वकीलीणबाई. आज कोणाची केस?" लहानपणापासून तो मला हेच म्हणतो. मी भांडते म्हणून. कोणीतरी भांडायला हवंच ना?

त्याचा खोकला महिनाभर हटत नव्हता, म्हणून वहिनीने त्याला गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीची फिल्म काढायला लावली आणि ती पाहून म्हणाले, इथे बटणाएवढा डाग दिसतोय, मोठ्या हॉस्पिटलला पाठवा, तिथले लोक सांगतील. दादाने कपाटावरून मोठा लिफाफा काढला, फिल्म खिडकीला धरली आणि डागाच्या आधी मला खांद्याची पट्टी दाखवली. शाळेत असताना तो भिंतीवरून पडला होता, तेव्हा गळ्याच्या हाडात स्टीलची पट्टी बसवली. "हे स्क्रू बघ," म्हणाला, "किती एका रेषेत बसवलेत. डॉक्टर कसला, कारागीर होता तो." डाग मी स्वतःच शोधला. पट्टीच्या खाली, डाव्या बाजूला.

वहिनीने शुक्रवारी फिल्म पाठवलीसुद्धा. हॉस्पिटलसमोर एक झेरॉक्सवाला आहे, सगळे त्याच्याकडूनच पाठवतात. फिल्म त्याच्या काचेपेक्षा मोठी निघाली. वरची पट्टी, जिच्यावर नाव छापलेलं असतं, ती बाहेरच राहिली. तो म्हणाला, काही बिघडत नाही, नाव पोर्टलवर लिहायचंच असतं. बुधवारी मंडळ बसतं, मग उत्तर.

ते पोर्टल आमचं आहे, हे मी सांगितलं. दादा म्हणाला, मग वशिला लागला म्हणायचा. वहिनीला हसू आलं. मी काही बोलले नाही. उगाच त्यांना कशाला घाबरवायचं?


१४ मार्च, गुरुवार

उत्तर आलं. वहिनीचा फोन. तिला बोलता येईना, म्हणून तिने दादाला दिला आणि त्याने वाचून दाखवलं, एकेक शब्द तोडून, शाळेत धडा वाचावा तसा: फुप्फुसे स्वच्छ, उपचारांची गरज नाही. मी ऑफिसच्या जिन्यात बसून घेतलं. गल्लीतल्या डॉक्टरांच्या चष्म्यावर डाग असेल, असं दादा म्हणाला. खूप हसलो.

आज दुसरंही एक चांगलं झालं. मुक्याच्या फोल्डरबद्दल मी लेखी तक्रार केली होती आणि साहेबांनी पहिल्यांदाच माझं काही ऐकलं. शनिवारपर्यंत तो फोल्डर रिकामा करायचा, असं सगळ्यांसमोर त्याला सांगितलं. मुक्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं." जागेवर जाऊन बसला. वाद नाही, खुलासा नाही. खरं असेल तर माणूस बोलतो.


१६ मार्च, शनिवार

क्रमाने लिहिते.

सकाळी काउंटरवरच्या बाईंचा फोन आला. एका मुलीने आईची फिल्म पाठवली होती. मंडळातल्या डॉक्टरांनी ती उघडली तर आत पुरुषाची छाती. साहेब म्हणाले, मुलीने चुकीची फाइल चढवली असेल, लोक काहीही करतात. म्हणे लोक काहीही करतात! मी त्या रुग्णाची नोंद उघडली. फाइलचं नाव स्कॅन-४. सहज त्या नावाने शोधलं आणि स्कॅन-४ असलेल्या रुग्णांनी पडदा भरून गेला. एवढी माणसं आणि सगळ्यांच्या नावापुढे एकच फाइल, शेवटी जी आली ती.

दुपारी जेवण सोडून झेरॉक्सवाल्याकडे गेले. चारपाच माणसं उभी होती, प्रत्येकाच्या काखेत तसाच मोठा लिफाफा. मागे पांढरा कागद ठेवून तो फिल्म काचेवर पसरत होता. त्याला विचारलं, फायलींना नावं कोण देतं? मशीनच देतं, म्हणाला. स्कॅन-१, स्कॅन-२, असं. आणि रोज? रोज सकाळी पुन्हा एकपासून. आदल्या दिवसाचं सगळं तो संध्याकाळी पुसून टाकतो. "लोकांचे आजार आहेत ते, ताई. माझ्या मशीनमध्ये कशाला राहायला हवेत?"

तो बरोबर होता. तो रोज पुसत होता म्हणून आमच्याकडे रोज नवीन स्कॅन-१ येत होतं आणि कालच्याच्या उरावर बसत होतं. मी हेच सांगितलं होतं. ह्याच शब्दांत सांगितलं होतं.

परत येऊन दादाची नोंद उघडली. उघडायच्या आधीच कळलं होतं. स्कॅन-४. शुक्रवारचं. त्यानंतर शनिवारी एक स्कॅन-४ आलं, सोमवारी एक. मंडळ बसलं बुधवारी. त्यांनी कोणाची छाती पाहिली ते आता कोणालाच सांगता येणार नाही, कारण तीही पुढच्या स्कॅन-४ खाली गाडली गेली. आज तिथे जी छाती आहे तिच्या हाडात पट्टी नाही. एकही स्क्रू नाही. स्वच्छ आहे ती. कोणाची आहे कोण जाणे.


१७ मार्च, रविवार

दादाकडे जाऊन म्हटलं, फिल्म दे, आपण दोघं उद्याच हॉस्पिटलला जाऊ.

तो लेथपाशी होता. त्याने भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर खिळ्यांना त्याचे फर्मे टांगलेले असतात, ज्यांच्यावरून तो लोखंडावर आकार आखतो. एरवी पत्र्याचे, पुठ्ठ्याचे. आज त्यांत धुरकट निळे नवे दिसले. एका गोल फर्म्यावरून अर्धी बरगडी गेली होती. "छान ताठ असते फिल्म," दादा म्हणाला. "पुठ्ठ्यासारखी वाकत नाही. आता तिचा दुसरा काय उपयोग?" खांद्याचा तुकडा मी शोधत होते. उरलेली कतरण भंगारात गेली होती.

सगळं सांगितलं. नावं, मशीन, काच. तो ऐकत होता. मी बोलत असताना त्याने मधेच दोनदा लेथ सुरू केलं, त्यावर काम लावलेलं नसताना. मला थांबावं लागलं. लेथ चालू असताना तो पाठमोरा उभा राहायचा, खांदे हलायचे, मग लेथ बंद करून तोंड पुसून वळायचा. काय हा उद्धटपणा. त्याला म्हटलंसुद्धा, की ऐकायचं नसेल तर तसं सांग.

तुझ्याच कंप्युटरवर पट्टी दिसत नाही, म्हणाला, कारण वरचा भाग कापला गेला होता. वहिनीने सांगितलंय ना तुला. मी म्हटलं, नावाची पट्टी कापली गेली, खांदा नाही. दुसरी फिल्म काढू. खर्च मी करते, गाडी मी आणते.

"मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलंय," तो म्हणाला. "तुझं ऑफिसातलं भांडण माझ्या छातीत आणू नकोस."

वर गेले तर वहिनीने सगळं ऐकलं होतं. ती भांडी विसळत होती, वळली नाही. म्हणाली, तीन रात्री झोप लागली होती, तीही बघवली नाही का तुला?

मला? मला बघवली नाही? परत येताना रस्ताभर मी स्वतःशीच बोलत होते, मोठ्याने. ज्याने केलं तो केबिनमध्ये बसून बघू म्हणतो आणि जी सांगायला जाते ती घर मोडणारी. दादाला पुरावा हवा. पुरावा म्हणजे ती शुक्रवारची फाइल, आणि ती ह्या जगात नाही.


१८ मार्च, सोमवार

सकाळी सरळ केबिनमध्ये गेले. दार लावलं नाही. सगळ्यांनी ऐकलं तर बरंच. साहेबांसमोर नोंदी ठेवल्या, ती मुलगी, तिची आई, दादा, बाकीचे सगळे. ते पाहत राहिले. खरंच पाहिलं ह्या वेळी. चेहरा उतरला. मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि मला बसायला सांगितलं, आवाजात एकदम आपुलकी.

म्हणाले, तुमच्या भावाचं आजच्या आज करून देतो. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना मी स्वतः फोन करतो. नवी फिल्म काढा, रांगेत थांबायची गरज नाही. आणि कोडमधलं ते नावाचं तुम्ही म्हणता तसं दुरुस्त करून टाका, शांतपणे, कोणाला कळायची गरज नाही.

मी विचारलं, बाकीच्यांचं काय? ज्यांना स्वच्छ म्हणून कळवलंय?

"त्यांच्या मूळ फायलीच राहिलेल्या नाहीत," साहेब म्हणाले. "मग कोणाला काय सांगणार? उगाच सगळ्यांना घाबरवायचं का?"

तेव्हा दारातून कोणीतरी म्हणालं, "आहेत."

मुका होता. आत आला नाही, उंबऱ्यावर उभा राहिला. म्हणाला, त्या मांजराच्या दिवसापासूनची प्रत्येक फाइल त्या आकड्याच्या फोल्डरमध्ये आहे. वेबवरून तिथे पोचता येत नाही. नाव आपलं, नुसता आकडा. कोणाची, कधीची, मूळ नाव काय, ते दुसरीकडे लिहिलेलं. आत घेताना उघडून पाहिलेली, प्रोग्राम निघाला तर बाजूला. मी त्या सोमवारी जे जे ओरडून सांगितलं होतं, ते सगळं, एकही न गाळता.

मी म्हटलं, तो फोल्डर तर शनिवारी रिकामा करायचा होता.

"तुम्ही सांगितलं होतंत," तो साहेबांना म्हणाला. "मी केला नाही."

साहेबांनी विचारलं, परवानगी कोणी दिली?

"रोज मागत होतो. तुम्ही रोज बघू म्हणालात."

साहेबांना काय वाटलं माहीत नाही. माझं डोकं फिरलं. दोन आठवडे हा माणूस शेजारी बसून होता. मी सिनेमे म्हणत होते, लेखी तक्रार करत होते, सगळ्यांसमोर ह्याला बोलणी बसली, आणि हा 'बरं' म्हणाला. मी त्याला म्हटलं, तुला तोंड नव्हतं का?

"होतं," म्हणाला. "ते केबिनमध्ये वापरत होतो."

मग त्याने माझ्याच टेबलावर दादाची फाइल उघडली. शुक्रवारचं स्कॅन-४. वरचा भाग कापलेला, पण पट्टी अर्ध्याहून जास्त आलेली आणि स्क्रू एका रेषेत. त्यांच्या खाली डाव्या बाजूला ते बटण. मोठ्या पडद्यावर ते खिडकीत दिसलं होतं त्यापेक्षा मोठं दिसत होतं. मुक्याने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. मी घेतली नाही.

साहेब म्हणाले, आज वकिलांशी बोलतो, तोवर कोणी कोणाला फोन करायचा नाही. मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. असं कधी होत नाही माझं. मी त्या पडद्याकडे बघत उभी.

फोन मुक्याने लावला. साहेबांसमोर, साहेबांच्याच टेबलावरून. हॉस्पिटलच्या नोंदणी विभागाच्या प्रमुख बाईंना त्याने सगळं सांगितलं, सावकाश, एकापुढे एक, काय झालं, कशामुळे झालं, कोणाकोणाचं झालं असू शकतं, पोर्टल आत्ता बंद करा. मधे त्या काही विचारत, तो उत्तर देई. कुठेही अडखळला नाही. सगळं ऑफिस उभं राहून ऐकत होतं. साहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी फोन काढून घेतला नाही. एवढं तरी.

चार वाजता पोर्टल बंद झालं. साहेबांनी आम्हा दोघांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ह्यावर मात्र बघू म्हणाले नाहीत.


१९ मार्च, मंगळवार

मुका आणि मी त्या फोल्डरची प्रत एका डिस्कवर घेऊन हॉस्पिटलला गेलो. प्रमुख बाई डॉक्टरच आहेत, साठीच्या आसपास, केस कापलेले. त्यांच्या खोलीत मंडळातले दोघं बसले होते आणि टेबलावर कळवलेल्या मतांचा गठ्ठा. कोणत्या दिवसानंतरचं वाचवता येईल आणि कोणत्या दिवसाआधीचं नाही, ते मुक्याने सांगितलं. त्याआधीच्या माणसांना एकेक करून परत बोलवावं लागेल. त्यांतले किती जण 'स्वच्छ' वाचून निवांत बसलेत, ते कोणाला माहीत? गठ्ठ्याकडे पाहून एका डॉक्टरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ घातला नाही.

बाईंनी मला विचारलं, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

मी म्हटलं, मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. ओरडून सांगत होते.

"कोणाला?"

आमच्या साहेबांना, म्हटलं.

"मला नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढचा कागद घेतला.

हे काय बोलणं झालं? मी त्यांची नोकर होते का? करार त्यांनी केला, मूळ नावं त्यांच्या काउंटरला हवीत, आणि उत्तर मी द्यायचं? बाहेर आल्यावर मुक्याला हेच म्हटलं. तो चालत राहिला. पुन्हा नेहमीसारखा. बसस्टॉपवर मी त्याला विचारलं, आता काय करणार? तो म्हणाला, घरी ओरडणारं कोणी नाही, त्यामुळे घरी जाणार. मला कळायला वेळ लागला की हा विनोद होता.

संध्याकाळी दादाकडे. तो लेथपाशीच होता. लॅपटॉप त्याच्या बाकावर ठेवला, लोखंडाचा चुरा बाजूला सारून. दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. एक पोर्टलवरचं, बिनपट्टीचं. एक शुक्रवारचं. मी काहीच बोलणार नव्हते, असं ठरवून गेले होते. वहिनी जिन्यात येऊन उभी राहिली.

तो वाकला. नेहमीप्रमाणे स्क्रू आधी पाहिले. एकदा पोर्टलवरच्या चित्रात शोधले, मिळाले नाहीत. पुन्हा शुक्रवारच्यात पाहिले. म्हणाला, "हे माझे."

मग खांद्यावरचं फडकं घेतलं आणि त्या बटणावरून पडदा पुसला. तेलाचा डाग पुसावा तसा, गोल फिरवून. फडकं बाजूला केलं. पुन्हा पुसला.

वहिनी खाली आली. तिने त्याच्या हातातून फडकं घेतलं आणि घडी करून बाकावर ठेवलं. त्याला खोकल्याची उबळ आली. ह्या वेळी त्याने लेथ सुरू केलं नाही. खोकून झाल्यावर म्हणाला, "किती वाजता यायचं, वकीलीणबाई?"

मी सांगितलं. तो म्हणाला, मग हे काम आज उरकून टाकतो, आणि मला वर जायला सांगितलं. वहिनी आणि मी वर बसलो. खालून लेथचा आवाज येत होता, मधे थांबत, पुन्हा सुरू होत. साहेबांचा दोनदा फोन येऊन गेला. घेतला नाही. काय म्हणायचं असेल ते बघू.


२० मार्च, बुधवार

सकाळी हॉस्पिटलात नवी फिल्म काढली. डॉक्टरांनी ती शुक्रवारच्या शेजारी लावली, दोन्ही पाहिल्या, आणि वहिनीला खुर्चीवर बसायला सांगितलं. दादाला आजच दाखल करून घेतलं. लेथखान्याची किल्ली माझ्याकडे आहे.